यीस्टच्या रसाचा शोधक : एडुआर्ड बुखनर

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ज्याने एकदा तरी साका गाळला आहे, त्याला बुकनर फनेल ठाऊक असते. चिनी मातीचे, सपाट तळाचे, तळाला बारीक भोके असलेले ते पांढरे पात्र. या बुकनरांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, असेही आपल्यातील पुष्कळांना वाटते. वर्गात हा प्रश्न मी अनेकदा विचारला आहे आणि दरवेळी मोठ्या आत्मविश्वासाने हेच उत्तर आले आहे. वास्तविक फनेलचे जनक एर्न्स्ट ब्यूखनर हे एक औद्योगिक रसायनज्ञ. नोबेल पारितोषिक मिळविणारे एडुआर्ड बुखनर हे निराळे गृहस्थ. त्यांच्या नावाचे एकही उपकरण आपल्या कपाटात नाही. त्यांनी दिला तो एक विचार. सजीव पेशी जे काम करते, ते पेशी मोडून टाकल्यावर, तिच्या नुसत्या रसाकडूनही करवून घेता येते, हा तो विचार.

हा विचार आज पाठ्यपुस्तकातील एका ओळीत संपतो. पण त्या ओळीपर्यंत पोहोचण्यासाठी दोन पिढ्यांचे भांडण व्हावे लागले आणि एका माणसाला तीन वर्षे हात बांधून बसावे लागले. शिवाय कारखान्यांचे विषारी सांडपाणी विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या साहाय्याने निर्विष करण्याचे जे प्रयत्न गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे चालू आहेत, त्यांचे मूळही याच ओळीत आहे. कृष्णा, घटप्रभा आणि पंचगंगा या नद्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो विषय परका नाही. म्हणून या माणसाचे चरित्र विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे असे मला वाटले.

एडुआर्ड बुखनर यांचा जन्म २० मे १८६० रोजी जर्मनीतील म्यूनिक शहरी झाला. वडील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते आणि एका वैद्यकीय नियतकालिकाचे संपादनही करीत. घराणे विद्येचे, पण १८७२ मध्ये वडील वारले तेव्हा एडुआर्ड अवघे बारा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या शिक्षणाकडे वडीलबंधू हान्स यांनी लक्ष दिले. हान्स दहा वर्षांनी मोठे. पुढे ते नामांकित जंतुशास्त्रज्ञ झाले. धाकट्या भावाच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर हा थोरला भाऊ उभा असलेला दिसतो. आपल्याकडे वडिलांच्या माघारी थोरल्या भावाने घर सावरल्याच्या गोष्टी घरोघर ऐकू येतात, तशीच ही एक.

शाळेनंतर काही काळ लष्करी सेवा करून एडुआर्ड म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात रसायनशास्त्र शिकू लागले. परंतु पैशांची ओढाताण सुरू झाली आणि शिक्षण सोडून त्यांना फळे-भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत नोकरी धरावी लागली. चार वर्षे या कामात गेली. शिक्षणात खंड पडला म्हणजे सर्व संपले, अशी समजूत करून घेणारे विद्यार्थी मी पाहतो. त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारा हा मनुष्य विशीच्या उमेदीत चार वर्षे कारखान्यात राबत होता. तेथील अनुभव वाया गेला असेही नाही. अन्न का नासते, का आंबते आणि ते कसे टिकवावे, हेच तर त्या कारखान्यांचे रोजचे काम. किण्वनाविषयीचे त्यांचे कुतूहल याच काळातले.

१८८४ मध्ये हान्स यांच्या मदतीने एडुआर्ड पुन्हा शिक्षणाकडे वळले. रसायनशास्त्रात आडोल्फ फॉन बायर आणि वनस्पतिशास्त्रात कार्ल नेगेली, असे दोन मोठे गुरू त्यांना म्यूनिकमध्ये लाभले. नेगेलींच्या संस्थेत हान्स यांच्या देखरेखीखाली काम करून १८८५ मध्ये त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला. किण्वनावर प्राणवायूचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषय होता. १८८८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. बायर यांच्या प्रयोगशाळेत ते साहाय्यक झाले आणि १८९१ मध्ये अध्यापनाचा अधिकार मिळाला. येथून पुढची हकीकत समजण्यासाठी त्या काळच्या एका मोठ्या वादाकडे वळले पाहिजे.

उसाचा रस उघडा ठेवला तर फसफसतो, हे मनुष्याला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर होते, हेही अठराव्या शतकाच्या अखेरीस कळले होते. प्रश्न असा होता, की हे रूपांतर करतो कोण? १८३० नंतरच्या दशकात काही संशोधकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितले, की यीस्ट हा सजीव आहे आणि किण्वन हे त्याचे जीवनकार्य आहे. रसायनज्ञांना हे मुळीच रुचले नाही. लीबिग आणि व्होलर हे त्या काळचे दोन दिग्गज. वोलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार करून सजीवांच्या द्रव्यांभोवतीचे गूढ कमी केले होते. रसायनशास्त्रातून हुसकावलेली जीवशक्ती किण्वनाच्या मागल्या दाराने पुन्हा आत येते आहे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. १८३९ मध्ये त्यांच्या नियतकालिकात एक निनावी विडंबन छापून आले. त्यात यीस्ट म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या पात्राच्या आकाराचे इवलेसे प्राणी दाखविले होते. ते एका बाजूने साखर खातात आणि दुसऱ्या बाजूंनी मद्यार्क व वायू सोडतात, असे त्याचे सविस्तर वर्णन होते. विद्वानांची थट्टासुद्धा कधी कधी किती बोचरी असते, याचा तो नमुनाच म्हणायचा.

पुढे लुई पाश्चर यांनी १८५७ पासून एकामागून एक काटेकोर प्रयोग करून दाखविले, की जिवंत यीस्टवाचून मद्यार्काचे किण्वन होत नाही. प्रयोगाच्या कसोटीवर पाश्चर जिंकले. लीबिग यांचा पक्ष मागे पडला. पण या विजयाबरोबर एक भिंतही उभी राहिली. धान्याच्या मोडातील डायास्टेज १८३३ मध्ये आणि जठरातील पेप्सिन १८३६ मध्ये सापडले होते. ही द्रव्ये पेशीबाहेर, काचपात्रातही काम करीत. त्यांना एका वर्गात टाकण्यात आले आणि यीस्टसारख्या सजीव किण्वकांना दुसऱ्या वर्गात. जर्मन शास्त्रज्ञ क्यूने यांनी १८७०-८० च्या दशकात पहिल्या वर्गासाठी एन्झाइम हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो यीस्टमध्ये असलेले. गंमत अशी, की ज्या यीस्टवरून हे नाव पडले, त्याच यीस्टच्या किण्वनाला ते लावण्याची मुभा कोणी देत नव्हते.

यीस्टच्या पेशी फोडून आत काय आहे ते पाहावे, ही कल्पना बुखनर बंधूंच्या मनात आली. बायर यांनी एडुआर्ड यांना थोडे द्रव्यसाहाय्य मिळवून दिले आणि एक छोटी किण्वन-प्रयोगशाळा सुरू झाली. पण पेशी फोडण्याचे पहिले प्रयत्न हाती लागतात न लागतात, तोच प्रयोगशाळेच्या मंडळाने निर्णय दिला, की या कामातून काही निष्पन्न होणार नाही. असे प्रयत्न आधीच्या चाळीस वर्षांत पुष्कळांनी केले होते आणि ते फसले होते. मंडळाचे म्हणणे अगदीच अविचाराचे होते असे मला वाटत नाही. उपलब्ध पुरावा त्यांच्या बाजूने होता. तथापि बुखनर यांचे काम थांबले आणि जवळजवळ तीन वर्षे थांबूनच राहिले.

१८९३ मध्ये ते कील येथील विद्यापीठात गेले आणि १८९६ मध्ये ट्यूबिंगेन येथे. मधल्या काळात ते रिकामे बसले नाहीत. कार्बनी रसायनशास्त्रात त्यांनी चांगले काम केले. पायराझोल हे संयुग त्यांनी १८८९ मध्येच प्रथम बनविले होते आणि तेवढ्यावरही एक प्रतिष्ठित प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. पण यीस्टचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता.

१८९६ च्या शरद ऋतूत ट्यूबिंगेनच्या विद्यापीठाला सुट्टी लागली आणि एडुआर्ड म्यूनिकला भावाकडे आले. हान्स तेव्हा तेथील आरोग्यशास्त्र संस्थेचे संचालक होते. ही संस्था माक्स फॉन पेटेनकोफर यांनी उभारलेली. म्यूनिकला शुद्ध पाणी आणि भुयारी गटारे मिळावीत यासाठी झटलेला हा थोर पुरुष. शहराच्या सांडपाण्याचा शास्त्रीय विचार ज्या संस्थेत रुजला, त्याच संस्थेच्या आवारात विकरांचा नवा अध्याय लिहिला जावा, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

हान्स यांचा हेतू वैद्यकीय होता. सूक्ष्म जीवांच्या पेशींतील द्रव्ये औषधासाठी वापरता येतील काय, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी पेशी फोडून त्यांचा ताजा रस हवा होता. अडचण अशी, की यीस्टची पेशी अतिशय लहान आणि तिचे कवच चिवट. नुसत्या वाळूबरोबर खलून काढलेला लगदा दाबला तर रस धड निघत नसे. हान्स यांचे साहाय्यक मार्टिन हान यांनी कीसेलगुर मिसळण्याची युक्ती सुचविली. कीसेलगुर म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची मऊ, सच्छिद्र माती. या युक्तीने काम झाले.

कृती अशी होती. मद्यनिर्मितीतील एक किलो यीस्ट घ्यायचे, त्यात तितकीच गारेची वाळू आणि २५० ग्रॅम कीसेलगुर घालायचे आणि मोठ्या खलात जड बत्त्याने घोटत राहायचे. कोरडे वाटणारे मिश्रण हळूहळू ओलसर होऊन कणकेच्या गोळ्यासारखे एकजीव होई. पेशी फुटून रस बाहेर आल्याची ती खूण. मग थोडे पाणी घालून तो गोळा मजबूत कापडात बांधायचा आणि दाबयंत्रात ४०० ते ५०० वातावरणांइतका दाब देऊन पिळायचा. एक किलो यीस्टमधून अशा रीतीने सुमारे अर्धा लिटर पिवळसर रस मिळे. त्याला यीस्टचा सुखद वास असे.

हा रस लवकर नासे. तो प्राण्यांना टोचायचा असल्यामुळे जंतुनाशक घालणे सोयीचे नव्हते. म्हणून मोरांब्याला जशी साखर, तशी या रसाला टिकण्यासाठी भरपूर साखर घालण्यात आली. थोड्याच वेळात पात्रातून बुडबुडे येऊ लागले.

बुडबुडे कोणालाही दिसले असते. रस नासला म्हणून एखाद्याने तो ओतूनही दिला असता. पण पाहणारा मनुष्य दहा-बारा वर्षे किण्वनाचाच विचार करीत आलेला होता. जिवंत पेशी नसताना साखर आंबते आहे, हे एडुआर्ड बुखनर यांच्या तत्काळ ध्यानात आले. मूळ उद्देश बाजूला राहिला आणि ते या एकाच गोष्टीच्या मागे लागले. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी निबंध पाठविला. त्याचे नाव होते यीस्ट-पेशींवाचून मद्यार्क किण्वन. त्या नावातच सर्व निष्कर्ष आला. रसातील कार्यकारी द्रव्याला त्यांनी झायमेज असे नाव दिले.

साहजिकच आक्षेपांचा पाऊस पडला. रसात काही यीस्ट-पेशी जिवंत राहिल्या असतील, असे एक म्हणे. पेशी नसल्या तरी जीवद्रव्याचे जिवंत तुकडे राहिले असतील आणि तेच काम करीत असतील, असे दुसरा म्हणे. बुखनर यांनी प्रत्येक आक्षेपाला प्रयोगाने उत्तर दिले. पेशी अडवून धरणाऱ्या बारीक गाळणीतून रस गाळला, तरी तो साखर आंबवीत होता. रस वाळवून भुकटी केली आणि पुन्हा पाण्यात विरघळविली, तरी गुण कायम. यीस्ट ॲसिटोनमध्ये घालून मारून टाकले, तरी त्या मेलेल्या भुकटीने किण्वन घडवून आणले.

यांतील एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी खुलवून सांगतो. बुखनर यांनी रसात क्लोरोफॉर्मसारखी विषारी द्रव्ये मिसळली. टोल्युइनचाही उपयोग पुढे केला गेला. ज्या मात्रेने जिवंत यीस्टचे कार्य बंद पडते, त्या मात्रेतही रसाचे कार्य चालू राहिले. ज्यात प्राण नाही, त्याला विषाने मारणार कसे? ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. सांडपाण्याच्या प्रश्नाकडे वळताना तिचा उपयोग होणार आहे.

याबरोबरच रसाचे दुबळेपणही त्यांनी लपविले नाही. ४०-५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की रस निकामी होई. नुसता ठेवला तर काही दिवसांत त्याची शक्ती जाई, कारण रसातीलच प्रथिनभंजक विकरे झायमेजचा फडशा पाडीत. शिवाय सबंध यीस्टच्या मानाने रसाचा वेगही कमी असे. विरोधक त्यावर बोट ठेवीत, पण बुखनर यांनी दावा तेवढाच केला होता जेवढा पुरावा होता.

येथे एका विदुषीचे नाव घेणे न्यायाचे होईल. रशियातील मारी मानासेइना यांनी १८७० च्या सुमारास व्हिएन्ना येथे प्रयोग करून, जिवंत यीस्टवाचून किण्वन होऊ शकते असे लिहिले होते. १८९७ मध्ये बुखनर यांचा निबंध पाहून त्यांनी अग्रहक्काचा दावा मांडला. बुखनर यांनी तो मान्य केला नाही. यीस्ट पूर्णपणे मेले होते, हे त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध होत नव्हते, असे त्यांचे म्हणणे. शास्त्राच्या इतिहासाने बुखनर यांच्या बाजूने कौल दिला. तरीही कल्पना त्यांच्या आधी एका स्त्रीच्या मनात आली होती आणि तिने ती छापूनही टाकली होती, ही नोंद राहिली पाहिजे.

१८९८ मध्ये बुखनर बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९०० मध्ये ट्यूबिंगेनच्या एका गणितज्ञाची कन्या लोटे श्टाल हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०२ मध्ये हान्स वारले. पुढच्याच वर्षी झायमेजच्या किण्वनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर एडुआर्ड, हान्स आणि मार्टिन हान अशी तिघांची नावे आहेत. हयात नसलेल्या भावाचे आणि कीसेलगुरची युक्ती सुचविणाऱ्या साहाय्यकाचे नाव बरोबरीने छापणारा हा मनुष्य श्रेयाच्या बाबतीत कंजूष नव्हता, हे यावरून दिसते. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बुखनर यांना पेशीविरहित किण्वनाच्या शोधाबद्दल मिळाले.

झायमेज हे एकच द्रव्य असावे, ही त्यांची समजूत पुढे टिकली नाही. इंग्लंडमध्ये हार्डेन व यंग यांनी १९०४ पासून केलेल्या कामावरून कळले, की रसात फॉस्फेट व एक साहाय्यक द्रव्यही लागते. आज आपण शिकतो, की ग्लुकोजपासून मद्यार्कापर्यंत बारा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र विकर आहे. विकर हे प्रथिन असते, हे अमेरिकेत जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये युरिएज या विकराचे स्फटिक काढून दाखविले. बुखनर यांनी उघडलेल्या दारातूनच ही सर्व मंडळी आत गेली.

बर्लिननंतर १९०९ मध्ये ब्रेस्लाऊ आणि १९११ मध्ये व्युर्त्सबुर्ग येथे त्यांनी प्राध्यापकी केली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. बुखनर तेव्हा ५४ वर्षांचे होते. कोणी बोलावले नसताना ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले आणि दारूगोळ्याच्या वाहतुकीचे काम पाहू लागले. १९१६ मध्ये अध्यापनासाठी त्यांना परत बोलावण्यात आले, पण १९१७ मध्ये ते पुन्हा रणभूमीवर गेले. रुमानियातील फोक्शानी येथे ऑगस्ट १९१७ मध्ये ते जखमी झाले आणि त्यातच काही दिवसांनी त्यांचे निधन झाले. वय ५७ वर्षांचे होते. नोबेल मिळविलेला, प्रयोगशाळा आणि शिष्य मागे ठेवून आलेला मनुष्य एका तोफगोळ्याने नाहीसा झाला. देशभक्तीच्या त्यांच्या भावनेबद्दल मी काही बोलत नाही. त्या युद्धाने विद्येचे किती नुकसान केले, याचा विचार मात्र मनात आल्यावाचून राहत नाही.

आता त्यांच्या विचाराचा पुढचा प्रवास पाहू.

बुखनर हयात असतानाच, १९१४ मध्ये, इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाणी शुद्ध करण्याची एक पद्धत जाहीर केली. जंतूंनी भरलेल्या गाळात हवा खेळवायची आणि त्या जंतूंकरवी पाण्यातील घाण खाऊन टाकवायची, अशी ही पद्धत. तिच्यामागची प्रेरणा ज्यांची होती, ते गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आजही जगातील बहुतेक शहरांचे मैलापाणी याच तत्त्वावर शुद्ध होते. पण जंतू हे शेवटी सजीव. त्यांना ऊब हवी, प्राणवायू हवा, सवय व्हायला वेळ हवा. आणि मुख्य म्हणजे त्यांना विष चालत नाही. फिनॉलचेच उदाहरण घ्या. दगडी कोळशावर प्रक्रिया करणारे, रेझिन बनविणारे आणि तेल शुद्ध करणारे कारखाने फिनॉलयुक्त सांडपाणी बाहेर टाकतात. हेच फिनॉल कार्बोलिक ॲसिड या नावाने लिस्टर यांनी १८६५ मध्ये शस्त्रक्रियेत जंतू मारण्यासाठी वापरले होते. जे जंतुनाशक, ते जंतूंनी खावे अशी अपेक्षा करायची! थोड्या मात्रेत सरावलेले जंतू ते खातातही. मात्रा अचानक वाढली तर मात्र टाकीतील सारे जंतू मरतात आणि यंत्रणा बंद पडते.

बुखनर यांचा क्लोरोफॉर्मचा प्रयोग येथे आठवावा. जंतू मरतो, पण विकर काम करीत राहते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अलेक्झांडर क्लिबानोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखविले, की हॉर्सरॅडिश या मुळाच्या विकराने सांडपाण्यातील फिनॉल आणि ॲनिलीन काढून टाकता येतात. हॉर्सरॅडिश ही मोहरी-मुळ्याच्या कुळातील वनस्पती. आपल्या शेवग्याच्या मुळाची चव तिच्यासारखी लागते, म्हणून इंग्रजांनी शेवग्याला हॉर्सरॅडिशचे झाड असे नाव दिले होते. या मुळातील विकराला पेरॉक्सिडेज म्हणतात.

त्याचे कार्य सोप्या शब्दांत असे. पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. ते विकराला सज्ज करते. सज्ज झालेले विकर फिनॉलच्या रेणूतून एक हायड्रोजन काढून घेते आणि त्याचा मुक्त मूलक बनविते. हे मूलक अस्थिर असल्याने एकमेकांना बिलगतात. दोनाचे चार, चाराचे आठ अशा साखळ्या वाढतात आणि एवढ्या मोठ्या होतात, की पाण्यात विरघळलेल्या राहू शकत नाहीत. मग त्यांचा साका खाली बसतो आणि तो गाळून काढता येतो. विकर विषाला खात नाही, तर विषाचे रेणू एकत्र जोडून पाण्याबाहेर आणते.

लॅकेज नावाचे दुसरे विकर तर पेरॉक्साइडही मागत नाही. हवेतील प्राणवायूवर ते भागविते. जपानच्या हिकोरोकुरो योशिदा यांना ते १८८३ मध्ये लाखेच्या झाडाच्या चिकात आढळले. लाकूड कुजविणाऱ्या पांढऱ्या बुरशीतही ते असते. पॅराथिऑनसारख्या कीटकनाशकांचे रेणू तोडणारी जिवाणूंची विकरे १९७०-८० च्या दशकापासून अभ्यासली जात आहेत. ही झाली जमेची बाजू.

खर्चाची बाजू झाकून ठेवणे बुखनर यांच्या चरित्रकाराला शोभणार नाही. त्यांचा रस जसा काही दिवसांत मरगळे, तसेच सांडपाण्यातील विकरही थकते. पेरॉक्साइड जास्त झाले तर ते विकरालाच निकामी करते. तयार होणारे मूलक आणि साका विकराला चिकटून त्याला निष्क्रिय करतात. शुद्ध विकर महाग पडते. साका बसला तरी त्याची विल्हेवाट राहतेच आणि काही वेळा नव्याने बनलेली संयुगे स्वतःच विषारी निघतात. म्हणून विकराला एखाद्या घन पदार्थावर बांधून पुन्हा पुन्हा वापरावे, सोयाबीनच्या टरफलांसारख्या टाकाऊ मालातून स्वस्तात पेरॉक्सिडेज काढावे, असे प्रयोग चालू आहेत. सोयाबीन आपल्या भागातही पिकते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. जंतूंच्या टाकीऐवजी सरसकट विकर वापरावे, असे आज कोणी जाणकार म्हणत नाही. जेथे विषामुळे जंतूंचे काही चालत नाही, तेथे आधी विकराने विष कमी करावे आणि मग पाणी जंतूंच्या स्वाधीन करावे, ही खरी दिशा दिसते.

आपल्या साखरपट्ट्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. मळीपासून, म्हणजे मोलॅसिसपासून, मद्यार्क बनविण्यासाठी आसवन्यांत जे यीस्ट वापरतात, ते बुखनर यांच्या खलातील यीस्टचेच भाईबंद. एक लिटर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी सांडपाणी उरते. ते तसेच ओढ्या-नद्यांत गेले, तर पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. मळीमिश्रित पाण्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. त्यातील बरीच घाण जंतूंकरवी कमी करता येते, पण तपकिरी रंग जाता जात नाही. तो मेलॅनॉइडिन नावाच्या चिवट द्रव्यांचा असतो. पांढऱ्या बुरशीची लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे हा रंग कितपत उतरवितात, यावर प्रयोग झाले आहेत आणि होत आहेत. प्रयोगशाळेत मिळालेले यश कारखान्याच्या नाल्यापर्यंत नेणे, हे काम अजून पुष्कळ बाकी आहे. ते करणारी मुले-मुली आपल्यासारख्या महाविद्यालयांतूनच निघावी लागतील, कारण हा नाला त्यांच्या गावाशेजारून वाहतो.

बुखनर यांच्या चरित्रातून बोध काय घ्यावा, असे कोणी विचारले तर मी अलौकिक बुद्धिमत्तेकडे बोट दाखविणार नाही. वाळू, माती, खल-बत्ता, कापड आणि दाबयंत्र ही त्यांची साधने. वेळ होता तो सुट्टीचा. मदत होती ती भावाची आणि भावाच्या साहाय्यकाची. मंडळाने काम बंद केले तेव्हा त्यांनी आदळआपट केल्याचे दिसत नाही. दुसरे काम मन लावून केले आणि प्रश्न मात्र मनात जागा ठेवला. मग एके दिवशी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या रसात बुडबुडे दिसले तेव्हा ते काय आहेत, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

आपल्या प्रयोगशाळेत साधने कमी आहेत, ही तक्रार खरी आहे आणि ती मीही करतो. परंतु मुळ्याचा रस, सोयाबीनची टरफले, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडे फिनॉल एवढे साहित्य कोणत्याही महाविद्यालयात जमण्यासारखे आहे. फिनॉल हाताळताना मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच हाताळावे, ते कातडी भाजते. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी येत्या वर्षी प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा. कोणत्या तापमानाला, किती वेळात, किती फिनॉल साका होऊन खाली बसते, याची नीट कोष्टके करावीत. निष्कर्ष मोठा निघाला नाही तरी चालेल. दावा पुराव्याएवढाच करण्याची सवय लागली, तरी पुष्कळ झाले.